फलालीनचा फळा आणि दोन मडकी

मित्रांनो, मी एक जुना फलालीनचा फळा आहे. फळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लगेच खडू येतो, हे मला माहीत आहे. पण माझ्या अंगावर आजवर कोणी खडूची एक रेघसुद्धा ओढलेली नाही. माझं अंग निळ्या फलालीनच्या कापडाचं आहे, मऊ आणि किंचित केसाळ. पुठ्ठ्याचं चित्र कापायचं, त्याच्या पाठीला कापूस चिकटवायचा आणि माझ्या छातीवर तळहाताने हलकेच दाबायचं, की चित्र तिथेच बसतं. ना खिळा, ना टाचणी. काढायचं तेव्हा अलगद काढून घ्यायचं. काळ्या फळ्याला हे जन्मात जमायचं नाही. तो माझा चुलत भाऊच, पण खडूची धूळ खाऊन खाऊन स्वभावाने फार कोरडा झालेला आहे.

अमळनेरहून धुळ्याकडे जाणाऱ्या एसटीत बसलात की वाटेत एक फाटा लागतो. तिथून आत वळलं की आमचं गाव. गावाच्या कडेला निंबाच्या झाडाखाली एक लहानसं चर्च आहे. त्या चर्चच्या मागच्या खोलीत माझा सध्याचा मुक्काम आहे. सोबतीला गुंडाळलेल्या सतरंज्या, नाताळच्या चांदणीची बांबूची चौकट आणि एक मोडका पंखा. पंख्याला बोलता येत नाही आणि सतरंज्या सदा झोपलेल्या. त्यामुळे मनातलं सांगायला कोणी नाही. तुम्ही भेटलात, बरं झालं.

माझा जन्म गावातल्या हिलाल मिस्तरींच्या हातून झाला. प्लायवूडचा तुकडा, त्याला सागाची चौकट आणि उभं राहायला तीन पायांचा लाकडी स्टँड, एवढंच त्यांचं काम. कापड मात्र सुनंदाबाईंनी स्वतः अमळनेरच्या बाजारातून आणलं आणि स्वतःच्या हाताने माझ्यावर ताणून बसवलं. हिलाल मिस्तरींना काही माझं प्रयोजन कळलं नव्हतं. "बाई, याच्यावर लिहिणार कशानं?" असं त्यांनी तीनतीनदा विचारलं. बाई नुसत्या हसल्या.

सुनंदाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांनी लग्न केलं नव्हतं. घरात त्या आणि त्यांची शिवणाची मशीन, एवढाच संसार. निवृत्तीनंतर माणसं देवदर्शनाला जातात, नातवंडांत रमतात. बाईंनी शनिवार दुपारचा वर्ग काढला. चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलं पवित्र शास्त्रातली वचनं पाठ करत होतीच. बाईंचं म्हणणं होतं, वचन तोंडात असून भागत नाही, ते डोळ्यांत आणि बोटांतही उतरलं पाहिजे. म्हणून शनिवारी चित्रं, गाणी, कविता आणि इतिहास. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांतल्या, काही जणांना ते उगीच वाटलं. "रंग फासून काय पोरं पास होणार आहेत?" असं कोणी तरी म्हणालं. बाई म्हणाल्या, "शास्त्र उघडलं की पहिल्याच पानावर देव काय करताना दिसतो? घडवताना दिसतो. त्याने उजेड केला, मग पाणी, मग झाडं, आणि प्रत्येक गोष्टीकडे पाहून तो खूश झाला. मग त्याच्या लेकरांनी काही घडवलं आणि ते पाहून ती खूश झाली, तर ती उनाडकी कशी?"

आणि वर्ग सुरू झाला.

मित्रांनो, ते दिवस आठवले की आजही माझं कापड शहारतं. चित्रांसाठी बाई जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे जमवायच्या. खानदेशात लग्नांना तोटा नाही, त्यामुळे पुठ्ठ्यांनाही नव्हता. मुलं शेतातून बोंडं आणायची, सरकी काढून कापूस पिंजायची आणि पिठाच्या खळीने तो चित्रांच्या पाठीवर डकवायची. वर्ग सुटला की सगळ्यांच्या केसांना कापूस. आया ओरडायच्या, पण पुढच्या शनिवारी पोरं हजर.

विकतच्या छापील चित्रांचा एक संच बाईंना कोणी तरी भेट दिला होता. त्यात सगळी माणसं गोरीपान, निळ्या डोळ्यांची, आणि मेंढरं तर साबणाने धुतल्यासारखी. बाईंनी तो संच मुलांना एकदा दाखवला आणि म्हणाल्या, "आता तुमच्या मनातली काढा." प्रेमराज नावाचा एक मुलगा होता, भारी हट्टी. त्याने हरवलेलं मेंढरू काळंकुळकुळीत काढलं. दुसरी मुलं हसायला लागली, तर तो तावातावाने म्हणाला, "मना काकाना मेंढ्या काळ्याच शेतस!" बाईंनी ते काळं मेंढरू उचललं आणि माझ्या अगदी मधोमध लावलं. त्या दिवसापासून माझ्यावर बोरी नदी वाहू लागली, केळीची पानं हलू लागली आणि स्वर्गातले दूत डोक्याला उपरणं बांधून येऊ लागले. मीही मनातून सुखावलो. परक्याचे कपडे घालून उभं राहण्यापेक्षा हे बरं.

बाई कविता शिकवताना म्हणायच्या, आधी बाहेर जाऊन या, एक तरी गोष्ट नीट बघा, मग लिहा. इतिहास शिकवताना मात्र त्यांचा आवाज जरा वेगळा लागायचा. एका शनिवारी त्यांनी शास्त्रातल्या एका मोठ्या राजाची गोष्ट सांगितली. मेंढपाळाचं पोर, देवाचा लाडका, उत्तम गाणी रचणारा. मुलं माझ्यावर त्याचा मुकुट लावत होती, तेवढ्यात बाईंनी सांगितलं की याच राजाने आपल्याच एका शिपायाचं घर मोडलं आणि वर त्याचा जीव घेतला. एका संदेष्ट्याने भर दरबारात राजाला गरिबाचं एकुलतं कोकरू हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगून त्याची चूक दाखवली, तेव्हा राजाने ती कबूल केली, हेही बाईंनी सांगितलं.

"बाई, एवढा मोठा राजा, मग त्याची चूक लिहून कशाला ठेवली?" वर्गातल्या ऋतिकाने विचारलं.

"कारण देवाला खोटा इतिहास आवडत नाही," बाई म्हणाल्या. "आपल्या माणसाचं चांगलं सांगायचं आणि वाईट झाकायचं, ही भाटगिरी झाली. चूक कबूल केली तरच क्षमा मिळते. माणसाचं तसं, गावाचंही तसंच."

मग त्यांनी मुलांना काम दिलं. घरी जायचं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं की आपली मंडळी पूर्वी कशी होती, आणि त्यांनी सांगितलेल्यातली एक गोष्ट चित्रात काढून आणायची. कापणीच्या सणाला सगळ्या मंडळीसमोर एकेकाने आपलं चित्र माझ्यावर लावायचं.

पुढच्या शनिवारी चित्रं आली. कोणी जुन्या पाळकांची बैलगाडी काढली होती, कोणी रेल्वेच्या रुळाच्या तुकड्याची घंटा, कोणी पहिल्या चर्चचं गवती छप्पर. हेमांगी सगळ्यात शेवटी आली. हेमांगी म्हणजे चौथीतली पोर, बोलायला कमी, पण रेष अशी काढायची की बाईसुद्धा बघत राहायच्या. तिने दोन मडकी काढली होती. एक निंबाच्या पाराजवळ, गडद लाल. दुसरं जरा लांब, कुंपणापाशी, काठाला फुटलेलं.

"हे काय गं?" बाईंनी विचारलं.

"पानीना मडका," हेमांगी हळूच म्हणाली. "आजीनी सांगं माले. पारजोडेनं बठ्ठास्नं, नि कुंपणजोडेनं खालनी आळीनं."

म्हणजे पाराजवळचं सगळ्यांचं आणि कुंपणापाशी खालच्या आळीचं वेगळं. तिची आजी ताईबाई ही खालच्या आळीतली. त्या आळीतल्या माणसांनी वरच्या आळीतल्यांच्याच बरोबर प्रभूचं नाव घेतलं होतं, एकाच सतरंजीवर गुडघे टेकले होते. पण पूर्वीच्या माणसांनी जुने देव सोडले तरी जुन्या रीती त्यांना सोडवल्या नव्हत्या. उपासना एक आणि पाणी दोन. पुढे कधी तरी ती दोन्ही मडकी गेली, नळ आला, आणि ती गोष्ट सगळ्या गावाने मिळून विसरून टाकली.

बाईंनी ते चित्र उचलून उजेडात धरलं. मग म्हणाल्या, "छान काढलंस. सणाला लाव."

मित्रांनो, मी फळा आहे, माझ्या मताला कोण विचारतो? पण मला आजही वाटतं की त्यांनी त्या आधी एकदा ताईबाईच्या घरी जायला हवं होतं. आजीने नातीला मांडीवर घेऊन सांगितलेली गोष्ट वेगळी आणि चारचौघांत उघडी झालेली गोष्ट वेगळी. बाईंना वाटलं, जिने सांगितली ती पाठीशी उभी राहीलच. त्यांचा माणसांवर फार विश्वास होता.

कापणीचा सण आला. चर्चमध्ये ज्वारीची कणसं, कापसाच्या पाट्या, केळीचे घड, लाल भोपळे, आणि पाय बांधलेल्या दोन कोंबड्या सुद्धा. उपकारस्तुती झाली की या सगळ्या वस्तूंचा लिलाव होतो आणि गाव हसतखेळत घरी जातं, अशी आमची रीत. मला वेदीच्या बाजूला उभं केलं होतं. माझं कापड झाडून कोरं केलं होतं. पहिल्या रांगेत मंडळीचे पंच झुलाल आबा पांढरा फेटा बांधून बसले होते. उंच, करारी माणूस. चर्चचं छप्पर याच माणसाने स्वतः उभं राहून घालून घेतलं होतं. मागच्या बाजूला खुर्चीवर ताईबाई होती. म्हाताऱ्या बायांना आता खुर्ची देतात.

मुलं एकेक करून आली. बैलगाडीला टाळ्या पडल्या. घंटेला तर झुलाल आबा स्वतः हसून म्हणाले, "मनाच हातनी वाजाडेल शे ती!" मग हेमांगी आली. तिने आधी लाल मडकं लावलं. मग दोन पावलं सरकून दुसरं, फुटक्या काठाचं. आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, "हे सगळ्यांचं मडकं आणि हे आमचं मडकं."

माणसं एकमेकांकडे बघू लागली.

झुलाल आबा उठले. "बाई, सणना दिवशी हाई काय लाई दिधं?" त्यांनी मडक्यांकडे बोट दाखवलं. "आपली मंडळीमा असं कधी नव्हतं. पोरले हाई कोणी शिकाडं?"

"कोणी शिकवलं नाही, आबा," बाई म्हणाल्या. "पोरीने घरात विचारलं, घरातून उत्तर आलं."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. ताईबाई खुर्चीत बसली होती. ती आपल्या पायांकडे बघत होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, हेमांगीने तिच्याकडे पाहिलं. मी तर तिच्याकडे तोंड करूनच उभा होतो. तिने मान वर केली नाही. अळीमिळी गुपचिळी. बाकीच्या म्हाताऱ्या माणसांनीही एकाएकी छताकडे बघायला सुरुवात केली.

तेवढ्यात कोणी तरी शहाण्याने मागून ओरडून सांगितलं, "चला, लिलाव सुरू करा!" आणि लिलाव सुरू झाला. भोपळ्यावर बोली लागली, केळीच्या घडावर लागली. माणसं नको तितकी मोठ्याने हसत होती. मी तिथेच उभा होतो, छातीवर ती दोन मडकी घेऊन, आणि माझ्या शेजारी सुनंदाबाई आणि हेमांगी. आमच्याकडे कोणी बघत नव्हतं.

दोन दिवसांनी पंच मंडळी त्याच ठिकाणी बसली. मला अजून आत नेलेलं नव्हतं, म्हणून मी सगळं ऐकलं. झुलाल आबा रागावलेले नव्हते, उलट समजुतीने बोलत होते. "बाई, वर्ग बंद करानं आमले बी बरं वाटत नही. तुमी इतलंच सांगा, पोरनी मनथीन काढं. धाकली शे, भूल पडनी. मंग वर्ग चालू राही."

एवढंच. पोरीने मनाने काढलं, हे एक वाक्य. बाईंच्या आयुष्यात त्या वर्गाशिवाय दुसरं काही नव्हतं, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मला वाटलं, आता बाई म्हणतील. वाक्य केवढंसं! मीही स्वार्थी झालो होतो मित्रांनो, मनातल्या मनात म्हणत होतो, म्हणा बाई, म्हणून टाका.

बाईंनी पदर सारखा केला. "आबा, लेकरू खोटं बोललेलं नाही. ते खोटं बोललं असं मी सांगितलं, तर उद्या त्याच लेकराला कोणत्या तोंडाने सांगू की नेहमी खरं बोल?"

"मंग ताईबाई काबरं बोलनी नही?"

बाई उठून बाहेर गेल्या. वर्ग बंद झाला.

मला मागच्या खोलीत ठेवलं ते तेव्हापासून. पुढच्या शनिवारी बाई आल्या. सवयच ती. खोलीचं दार उघडून त्यांनी ब्रशने माझं कापड झाडलं, चित्रं काढून एका पिशवीत घातली आणि स्टुलावर बसून राहिल्या. वर्गाची वेळ संपेपर्यंत बसल्या आणि गेल्या. त्यानंतरचे किती तरी शनिवार असेच. कधी कधी त्या माझ्याशी बोलायच्या. "आज ऋतिका रस्त्यात दिसली, तिने दुसरीकडे तोंड फिरवलं." किंवा, "हेमांगीच्या आईने सांगितलं, ती चित्र काढत नाही आता." त्यांच्या आवाजात तक्रार नसायची, म्हणूनच ते ऐकवायचं नाही. मला हात असते तर मी त्यांच्या खांद्यावर ठेवला असता.

आणि हेमांगी? खोलीच्या खिडकीतून मला अंगण ऐकू येतं. रविवारी ती आली की पोरं ओरडायची, "मडकं आली रे, मडकं!" मुलांचं काय, मोठे जे कुजबुजतात तेच ती ओरडून म्हणतात. एकदा खिडकीखाली तिचा आणि आजीचा आवाज आला. "आजी, मी खोटं बोलनू का?" ताईबाई म्हणाली, "गप राय माय. झाकी ठेव. झाकेल बरं ऱ्हास." मग दोघींची पावलं फाटकाकडे गेली.

थंडी सरता सरता सुनंदाबाई शेवटच्या आल्या. चाळीसगावला त्यांची भाची होती, तिच्याकडे राहायला निघाल्या होत्या. गुडघे साथ देत नाहीत, एकटीला दळण-बाजार होत नाही, असं त्या सांगत होत्या. खरं कारण आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ज्या गावात रोज चालताना कोणी थांबून बोलत नाही, त्या गावात गुडघे जास्तच दुखतात. त्यांनी माझ्यावर एक जुनं लुगडं पांघरलं, कोपऱ्यात नीट टेकवलं, आणि कापडावरून हात फिरवला. "तुला घेऊन गेले असते, पण तू मुलांचा आहेस," एवढं म्हणाल्या. लांबून एसटीचा हॉर्न ऐकू आला. त्यांना सोडायला फाट्यापर्यंत कोणी गेलं का, मला माहीत नाही.

नंतरच्या दिवसांचं काय सांगू? उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. उन्हाळ्यात पत्रा तापला की माझी चौकट कडकड वाजायची. चर्चमध्ये मोठा टीव्ही आला. अमळनेरला कॉम्प्युटर शिकलेला हितेंद्र नावाचा तरुण रविवारच्या शाळेत टीव्हीवर चलचित्रं दाखवू लागला. भिंतीपलीकडून त्यांचे आवाज यायचे. टीव्हीचा राग मला नाही. पण तिथे मुलांना फक्त बघायचं असायचं, हात मांडीवर ठेवून. एकाच्याही केसांना कापूस लागत नसे.

मग पावसाळ्यातला एक रविवार उजाडला. उपासना संपून मुलांसाठी टीव्ही लावला आणि वीज गेली. आमच्याकडे वीज गेली की ती सावकाश विचार करून परत येते. मोठी माणसं अजून बसलेली, मुलं चुळबुळ करायला लागलेली. हितेंद्र गोंधळला आणि काही तरी शोधत मागच्या खोलीत आला. त्याने लुगडं ओढलं आणि मी दिसलो. "अरे, हे तर भारी आहे," तो म्हणाला. तो गावात नवा होता. त्याला कसलीच कल्पना नव्हती.

त्याने मला नेऊन वेदीशेजारी उभं केलं, अगदी पूर्वीच्याच जागी. झुलाल आबा पहिल्या रांगेत होते. त्यांनी मला पाहिलं आणि नजर फिरवली. हितेंद्र मुलांना उत्साहाने म्हणाला, "या फळ्यावर कोणी चित्रं लावलीत का आधी? कोण येतं पुढे?"

मुलांनी हेमांगीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती. एकाने दबक्या आवाजात म्हटलं, "मडकं," आणि दोघं-तिघं खुदकन हसली. हेमांगीने गुडघ्यांत तोंड लपवलं.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

ताईबाई उठली होती. काठी टेकत टेकत ती मधल्या वाटेने पुढे आली. तिला यायला वेळ लागला आणि कोणी तिला थांबवलं नाही. माझ्याजवळ पोहोचल्यावर आधाराला तिने माझ्या चौकटीला धरलं. मग ती मंडळीकडे वळली.

"माले बोलू द्या," ती म्हणाली. "हेमांगी लबाड नही शे. तिले मीच सांगं. आठेच, आंगणमा, दोन मडका व्हतात. एक बठ्ठास्नं, एक आमनं. आमना मडकामातलं पानी मी पेयेल शे. मनी मायनी पेयेल शे."

तिने हेमांगीकडे पाहिलं.

"मंग त्या दिनले मी गप काबरं बसनू? माले आते खुर्ची भेटस. बठ्ठा अक्का म्हनतस. ते जाई म्हनीसन गप बसनू. बाई एकली उभी राहिनी, मनी नात एकली उभी राहिनी, नि मी मना पाय दखत बसनू. पोरेस्वन, तिले आते मडकं म्हनानं व्हई तर माले म्हना."

हेमांगी कधी उठली आणि तिने कधी आजीच्या कमरेला मिठी मारली, मला दिसलं नाही. मी झुलाल आबांकडे बघत होतो. ते खाली मान घालून बसले होते. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या, आणि सवयीची वाट सोपी होती. नुसतं 'म्हातारीले आठवत नही' म्हटलं असतं, तर सगळ्यांनी मान डोलावली असती. ते उठून उभे राहिले. फेटा काढून हातात घेतला. आमच्या गावात पंच माणूस देवाशिवाय कोणापुढे फेटा काढत नाही.

"खरं शे," ते म्हणाले. "ताईबाई खरं बोलनी. आमले बठ्ठास्ले ठाऊक व्हतं."

मग हितेंद्रकडे वळून म्हणाले, "सुनंदाबाईले फोन लाव. आत्तेच लाव. बठ्ठास्ना समोर."

बाईंचा नंबर कोणाकडे पटकन सापडेना. शेवटी ऋतिकाच्या आईकडे निघाला. हितेंद्रने फोन लावून आवाज मोठा केला आणि तो माझ्या चौकटीवर टेकवून ठेवला. चाळीसगावला घंटी वाजू लागली. सगळं चर्च कान देऊन ऐकत होतं. झुलाल आबा फेटा हातात धरून उभे होते, ताईबाईचे ओठ हलत होते, बहुतेक काय बोलायचं ते ती जुळवत होती. हेमांगी फोनकडे टक लावून बघत होती. घंटी वाजत राहिली आणि थांबली. हितेंद्रने पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. कोणी उचलला नाही.

नंतर कधी तरी तो लागला का, बाई काय बोलल्या, की त्यांच्यापर्यंत काही पोहोचलंच नाही, मला माहीत नाही. वीज आली, टीव्ही सुरू झाला आणि मला परत आत ठेवण्यात आलं. अंगणातून हेमांगीला आता कोणी मडकं म्हणत नाही, एवढं ऐकू येतं. पण स्टुलावर कोणी बसत नाही. शनिवार दुपार आली की मी दाराकडे बघतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू दिसल्या तर त्या पुसून-झाडून ठेवा, हे मी तुम्हाला सांगणार होतो. आत्मवृत्ताच्या शेवटी तसं सांगायची पद्धत आहे. पण माझा कोपरा उंदरांनी खाल्ला, त्याचं मला फारसं वाटत नाही. नवीन कापड लावलं की मी पुन्हा उभा राहीन. माणसाचं तसं नसतं. तुमच्यासाठी खरं बोलून कोणी भर सभेत एकटं उभं असेल, तर उठा आणि त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. बोलायला जमलं नाही तरी चालेल, नुसते उभे राहा. पण तेव्हाच उभे राहा. मागाहून सगळं गाव उभं राहिलं, तरी तिकडे घंटी वाजत राहते आणि फोन उचलायला कोणी नसतं.